डेंग्यूचा ताप उतरल्यानंतर

(केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी यांनी केलेले भाषण)



परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर वाचन, संख्याज्ञान, गुणवत्ता असे आपले नित्याचे विषय असताना एका विस्तार अधिकाऱ्याने तापाविषयी बोलावयास उभे राहावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. मी वैद्य नाही. अध्यापक पदविका घेऊन आपणांसारखाच खडू हाती धरलेला मनुष्य आहे. कोणते औषध द्यावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि तो आपणांसही नाही. परंतु आजारातून उठलेल्या मुलाकडे कोणत्या दिवशी कोणत्या नजरेने पाहावे, एवढे सांगण्याचा अधिकार मला माझ्याच एका चुकीने मिळवून दिला आहे. त्या चुकीपासूनच आरंभ करतो.

मी तेव्हा एका द्विशिक्षकी शाळेवर होतो. सप्टेंबरचे दिवस, घटक चाचणी सुरू. चौथीतील एक मुलगा तीन दिवस गैरहजर होता. चौथ्या दिवशी त्याचे वडील त्याला गाडीवर बसवून घेऊन आले आणि म्हणाले, "गुरुजी, ताप गेलाय बघा. चाचणी हाय म्हनत हुता, म्हनून आनलं." मी मुलाच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होते. मला आनंद झाला. आजारातून उठून चाचणीला आलेला मुलगा म्हणून मी वर्गासमोर त्याचे कौतुकही केले. दुपारपर्यंत त्याला तीन वेळा वांती झाली. पोटात दुखते म्हणू लागला. तीन दिवसांच्या उपाशी पोटाला हे व्हायचेच, असे म्हणून मी त्याला चार घास खिचडी खावयास सांगितले आणि व्हरांड्यात सतरंजीवर निजविले. तो गप्प पडून राहिला. मला वाटले, झोपला.

त्या दिवशी आरोग्यसेविका लसीकरणाची यादी करावयास शाळेत आल्या, हा केवळ योगायोग. त्यांनी जाता जाता मुलाचा हात धरला आणि विचारले, "गुरुजी, ह्याचे हात इतके थंड कशाने?" बाहेर ऊन तापले होते आणि मुलाचे तळहात, तळपाय थंडगार व ओलसर होते. त्यांनी त्याचे नख दाबून सोडले. पांढरे पडलेले नख पुन्हा लाल व्हावयास बराच वेळ लागला. नाडी बारीक आणि भरधाव चालली होती. त्या बाईंनी मला एक शब्दही बोल लावला नाही. जीप मागवा, एवढेच म्हणाल्या. तालुक्याहून सोलापूर, तेथे आठ दिवस. मुलगा वाचला.

त्याच्या वडिलांचे म्हणणे खोटे नव्हते. ताप खरोखरच गेला होता. बिकट दिवसाचा आरंभ तेथूनच झाला होता, आणि आम्ही दोघांनी त्यालाच बरे होणे मानले. पुढे आठवडाभराने हिवताप विभागाचे कर्मचारी गावात पाणीसाठे तपासावयास आले. शाळेच्या सिमेंटच्या टाकीत त्यांना अळ्या सापडल्या. टाकी दर आठवड्याला धुतल्याची नोंद वहीत होती, आणि ती माझ्याच अक्षरात होती.

असो. आता मुख्य विषयाकडे वळतो.

आपल्या भागाला हा डास नवा नाही. १९७३ साली शेजारच्या बार्शी शहरात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तिचा अभ्यास केला. परांडा-भूमची माणसे बाजाराला व दवाखान्याला बार्शीस जाणारी; तेव्हा ती साथ आपणांस परक्या मुलखातील म्हणता यावयाची नाही. पुढे २००६ साली तोच ज्वर मराठवाड्यात गावोगाव फिरला. भिंतीला धरून उठणारी, महिना महिना लंगडत चालणारी माणसे आपणांपैकी अनेकांनी घरीदारी पाहिली असतील. त्या साथीने एक समजूत मागे ठेवली. अंग मोडून काढणारा ताप फार छळतो, परंतु माणूस दगावत नाही, अशी ती समजूत. चिकुनगुन्यापुरती ती बव्हंशी खरी आहे. डेंग्यू हाही त्याच एडीस इजिप्ती नावाच्या डासामुळे पसरतो आणि आरंभी तसेच अंग मोडतो. त्याला हाडमोड्या ताप हे जुने नाव पडले ते उगाच नव्हे. परंतु चिकुनगुन्याची समजूत डेंग्यूला लावली की घात होतो.

येथेच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर माझ्या बोलण्याने गावात भीती पसरावयाची. डेंग्यूचा विषाणू शरीरात गेलेल्या पुष्कळांना काहीच लक्षणे दिसत नाहीत. ज्यांना ताप येतो, त्यांतील बहुतेक जण आठवडाभरात बरे होतात. थोड्यांचीच प्रकृती गंभीर वळण घेते, आणि त्या थोड्यांना वेळेवर ओळखणे एवढाच आपला प्रश्न आहे. गंभीर डेंग्यूला उपचार न मिळाल्यास शंभरांत वीसपर्यंत रोगी दगावू शकतात. उपचार वेळेवर व नीट मिळाले तर हेच प्रमाण शंभरांत एकाहूनही खाली राखता येते. दिल्लीत १९९६ साली जी साथ आली तीत १०,२५२ रुग्ण नोंदले गेले आणि ४२३ मृत्यू झाले. २०२३ साली सबंध देशात शासकीय नोंदीप्रमाणे २,८९,२३५ रुग्ण झाले आणि मृत्यू ४८५. आता तपासण्या अधिक होतात व सौम्य रुग्णही नोंदले जातात, तेव्हा ही तुलना अगदी काटेकोर नाही, हे मान्य. तथापि या मधल्या काळात डेंग्यूच्या विषाणूला मारणारे कोणतेही औषध हाती आलेले नाही, हे ध्यानात घ्या. सुधारणा झाली ती रोग्याकडे लक्ष ठेवण्यात आणि योग्य वेळी योग्य मापाने द्रव देण्यात.

रोगाचा क्रम दिवसांच्या हिशेबाने समजून घ्यावा. डास चावल्यापासून चार ते दहा दिवसांत ताप येतो. तो एकाएकी, चढा, बहुधा १०२ ते १०४ अंशांचा असतो. सोबत कपाळ व डोळ्यांच्या मागे ठणका, सांधे व स्नायू दुखणे, मळमळ, कधी अंगावर लाली. ही पहिली अवस्था दोन ते सात दिवस चालते. मग ताप उतरतो. बहुतेकांच्या बाबतीत हा बरे होण्याचाच आरंभ असतो. परंतु काहींच्या बाबतीत तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरण्याच्या सुमारास, दुसरी अवस्था सुरू होते. ती चोवीस ते अठ्ठेचाळीस तास टिकते, आणि खरी गुंतागुंत याच तासांत होते.

या तासांत शरीरात काय घडते? आपल्या अंगात केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्या आहेत. या रोगात त्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातील पातळ भाग, ज्याला रक्तद्रव म्हणतात, तो बाहेर झिरपू लागतो. आपल्याकडच्या पाझर तलावाचे पाणी बांधाखालून निघून गेले की तळाशी उरलेले पाणी गढूळ व दाट होते. तद्वत उरलेले रक्त दाट होते. झिरपलेला द्रव पोटात व फुप्फुसांभोवती साठतो. वाहिन्यांत रक्त अपुरे पडले की शरीर मेंदू व हृदय यांचा पुरवठा राखण्यासाठी हातापायांचा पुरवठा तोडते. म्हणून हात थंड पडतात. ही सूचना मिळूनही द्रव भरून काढला नाही तर रक्तदाब कोसळतो. त्यालाच डॉक्टर शॉक म्हणतात. तो लांबला की रक्तस्राव वाढतो आणि इंद्रिये निकामी होऊ लागतात. क्वचित यकृत, मेंदू किंवा हृदय यांवर विषाणूचा थेट आघातही होतो.

यातील सर्वांत फसवी बाब अशी की, मूल शेवटपर्यंत शुद्धीवर असू शकते. नाव विचारले तर सांगते, पाणी मागते. "बोलतोय की चांगला," असे म्हणून घरची माणसे रात्र काढतात. रक्तदाब एकदा कोसळला की मग उलगडा होतो, पण तोवर उशीर झालेला असतो.

तेव्हा धोक्याच्या खुणा पाठ करा. पोटात जोराचे व न थांबणारे दुखणे ही पहिली. ती मी स्वतः भूक समजून दवडली, म्हणून तिला पहिले स्थान देतो. पाठोपाठ होणाऱ्या वांत्या ही दुसरी. घोटभर पाणीही पोटात ठरत नाही असे झाले की घरी थांबू नये. हिरड्यांतून वा नाकातून रक्त, वांतीत रक्त, डांबरासारखी काळी शौच. मूल मलूल होऊन पडणे, अथवा उलट विनाकारण चिडचिड व तळमळ करणे. श्वास लागणे, पोट फुगणे. हातपाय थंड व ओलसर. सहा तासांत लघवी न होणे. यांपैकी एकही खूण दिसली तरी ती पुरेशी आहे. दुसरीची वाट पाहावयाची नाही. नखाची परीक्षा आपण येथेच एकमेकांवर करून पाहू: नख दाबा, पांढरे होईल, सोडा, दोन सेकंदांच्या आत पूर्वीचा रंग आला पाहिजे.

भगिनींना एक वेगळी विनंती आहे. सातवी-आठवीच्या मुलींना तापाच्या दिवसांत पाळी आल्यास रक्तस्राव नेहमीहून पुष्कळ अधिक होऊ शकतो. मुलगी हे आईलाही सांगत नाही, मग गुरुजींना कोठून सांगणार? ही विचारपूस आपणच करावी. ज्या शाळेत शिक्षिका नाही तेथे आशाताईंना सांगून ठेवावे.

आता आपल्या टेबलावरील एका साधनाकडे येतो. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो हा की, ताप कोणत्या दिवशी सुरू झाला? मजुरीला जाणाऱ्या, दोन-तीन लेकरांचे एकाच वेळी करणाऱ्या आईला हे नेमके सांगता येत नाही. "झालं असंल चार-पाच रोज," असे उत्तर मिळते. या रोगात चौथा दिवस की पाचवा, याला फार महत्त्व आहे. कारण त्यावरच पुढील अठ्ठेचाळीस तास कसे जाणार याचा अंदाज बांधला जातो, आणि कोणती तपासणी करावयाची हेही त्यावरच ठरते. पहिल्या पाच दिवसांत विषाणूचा एनएस-१ हा अंश रक्तात सापडतो. त्यानंतर शरीराने बनविलेली आयजीएम प्रतिपिंडे शोधावी लागतात. दिवस चुकला की तपासणी चुकते, आणि तपासणीत काही आले नाही म्हणून घरचे लोक निश्चिंत होतात. हा दिवस गावात कोठे लिहिलेला असतो? आपल्या हजेरीपत्रकात. मूल तापामुळे प्रथम गैरहजर राहिले त्या चौकोनात नेहमीच्या खुणेजवळ पेन्सिलीने बारीक 'ता' लिहावा. आदल्या दिवशी शाळेतच अंग तापलेले होते काय, हे वर्गात विचारून घ्यावे. शेजारी बसणाऱ्या मुलाला ते हमखास ठाऊक असते. दवाखान्यात निघालेल्या पालकाला ती तारीख चिठ्ठीवर लिहून द्यावी.

आणि ताप उतरलेल्या मुलास लगेच शाळेत बोलावू नये. ताप गेल्यानंतर, तापाचे औषध न घेता, दोन दिवस नीट गेले, मूल खाऊ-पिऊ लागले, लघवी साफ होऊ लागली, मगच ते यावे. उपस्थितीचे प्रमाण घसरले म्हणून मी कोणास कारणे दाखवा नोटीस काढणार नाही, हे येथे सर्वांदेखत सांगतो. चाचणी पुन्हा घेता येते.

घरी असताना मुलास द्रव द्यावा. क्षारसंजीवनी, भाताची पेज, मीठसाखर घातलेले लिंबू सरबत, ताक, नारळपाणी, जे मिळेल व पोटात ठरेल ते, थोडे थोडे, वारंवार. नुसत्या पाण्यावर ठेवू नये. बिटाचा रस किंवा लाल रंगाची सरबते टाळावीत, कारण वांती झाली तर रंग कशाचा आणि रक्त कोणते हे कळत नाही. तापासाठी पॅरासिटामॉल एवढेच औषध, तेही वजनाच्या मानाने आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे: दर किलोस दहा ते पंधरा मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा तासांचे अंतर. वीस किलोच्या मुलास पाचशेची अर्धी गोळी, असा साधारण हिशेब पडतो. ताप पुरता उतरला नाही म्हणून मात्रा वाढविली तर आधीच दुखावलेल्या यकृतावर घाला येतो.

अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही वेदनाशामके या तापात वर्ज्य होत. ती पोटात रक्तस्राव घडवू शकतात. आपल्या खेड्यांत "डॉक्टर, एक सुई टोचाच" असा आग्रह धरणारे पालक असतात, आणि सुई टोचली नाही तर डॉक्टर बदलणारेही असतात. स्नायूत टोचलेली सुई या रोगात रक्त साकळविते. पालकांचा हा आग्रह मोडण्याचे काम डॉक्टरांपेक्षा गुरुजीस अधिक चांगले साधेल, असे माझे मत आहे.

सलाइनविषयीही असाच एक आग्रह आहे. सलाइनची बाटली म्हणजे अंगात ताकद भरण्याचे साधन, असे आपल्याकडे मानतात. दुसऱ्या अवस्थेत सलाइन प्राण वाचविते हे खरे. पण ती किती, किती वेगाने आणि केव्हा थांबवावयाची हे नाडी, रक्तदाब, लघवी व रक्ताचा दाटपणा पाहून तासातासाला ठरवावे लागते. कारण तिसरी अवस्था सुरू झाली की बाहेर झिरपलेला द्रव आपोआप रक्तात परत येतो. अशा वेळी वरून आणखी बाटल्या चढविल्या तर तो द्रव फुप्फुसांत साचतो आणि जे मूल रोगातून पार पडले ते उपचाराने गुदमरते. म्हणून धोक्याची खूण दिसलेल्या मुलास गावातच दोन बाटल्या लावून सकाळी नेऊ, असे कोणी म्हटले तर ऐकू नये. १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा आणि ग्रामीण रुग्णालय गाठावे. शुद्धीवर असलेल्या व वांती न होणाऱ्या मुलास वाटेत घोट घोट क्षारसंजीवनी पाजत राहावे.

आता 'पेशीं'विषयी. डेंग्यू म्हटला की गावात पहिला प्रश्न येतो, "पेशी किती?" कोणी त्यांस पांढऱ्या पेशी म्हणतात. आपण विज्ञान शिकविणारी माणसे. निदान आपण तरी ही गल्लत करू नये. पांढऱ्या पेशी निराळ्या, आणि रक्त गोठविण्यास साहाय्य करणाऱ्या प्लेटलेट अथवा बिंबिका निराळ्या. त्यांची संख्या निरोगी माणसात दीड लाखांपासून साडेचार लाखांपर्यंत असते आणि डेंग्यूत ती पुष्कळ खाली येते. परंतु आकडा खाली आला एवढ्यावरून बिंबिका चढविण्याची गरज नसते. रक्तस्राव होत असेल किंवा संख्या दहा हजारांच्याही खाली गेली असेल तर डॉक्टर तो विचार करतात. मूल बहुधा दगावते ते रक्तद्रव झिरपल्याने. आकडा साठ हजार असूनही ज्याचे हात थंड पडले आहेत ते मूल संकटात आहे; आणि आकडा तीस हजार असूनही जे जेवते, लघवी करते, हसते त्यास डॉक्टर नुसते नजरेखाली ठेवू शकतात. पालक मात्र कागदावरच्या आकड्याकडे पाहत सोलापूर-लातूरच्या रक्तपेढ्यांत धावतात, आणि मुलाचा हात कोणी धरून पाहत नाही. पपईच्या पानांचा रस, शेळीचे दूध, महागडी परदेशी फळे यांचा बोलबाला याच आकड्यापायी झाला आहे. शेळीचे दूध उकळून प्यावयास माझा विरोध नाही. परंतु पपईच्या रसाने आधीच वांत्या होणाऱ्या मुलास अधिक वांत्या होतात, आणि त्या पानांच्या शोधात जो अर्धा दिवस जातो तो परत मिळत नाही.

तिसऱ्या अवस्थेत भूक लागते, लघवी वाढते, कधी अंगावर लाल पुरळ उठून मधे मधे पांढरे ठिपके राहतात आणि खाज सुटते. हे पुरळ चांगले लक्षण आहे. त्यास पाहून घाबरू नये. थकवा मात्र काही आठवडे राहतो. अशा मुलास कवायतीत उभे करू नये, आणि त्याचे लक्ष लागत नाही म्हणून रागावू नये.

"एकदा होऊन गेला, आता भय नाही," हाही भ्रमच. डेंग्यूच्या विषाणूचे चार उपप्रकार आहेत. एकाची बाधा झाली तर त्या एकापासून जन्मभराचे संरक्षण मिळते. उरलेल्या तिघांपासून मिळत नाही. इतकेच नव्हे, तर पहिल्या वेळी बनलेली प्रतिपिंडे दुसऱ्या उपप्रकारास शरीरातील पेशींत शिरावयास उलट मदतच करू शकतात. म्हणून दुसऱ्या खेपेचा डेंग्यू अधिक धोक्याचा. ज्या मुलास पूर्वी डेंग्यू झाल्याची घरच्यांस आठवण आहे, त्याच्या बाबतीत दुप्पट सावध असावे. तान्ही मुले, गर्भवती स्त्रिया, वृद्ध, मधुमेही यांनाही आरंभापासूनच डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावे लागते. आपल्या शिक्षिका भगिनींपैकी जी गर्भवती असेल तिने तर पहिल्याच दिवशी.

डासांविषयी आपण दरवर्षी ऐकता, म्हणून थोडक्यात आटोपतो. एक अडचण मात्र आपल्या जिल्ह्याची म्हणून सांगितली पाहिजे. साठविलेले पाणी दर आठवड्याला ओतून द्या, असे भित्तिपत्रकावर छापलेले असते. ज्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते, जेथे उन्हाळ्यात टँकरमागे घागरी घेऊन धावावे लागते, तेथील माउलीला पाणी ओतून दे म्हणून कोणत्या तोंडाने सांगावे? ती ओतणार नाही, आणि मी तिला दोष देणार नाही. तिला असे सांगावे की, पाणी दुहेरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घे, फडके कोरड्या मातीवर उन्हात झटक, आणि रिकामा झालेला रांजण आतून घासून मग पुन्हा भर. घासणे महत्त्वाचे, कारण या डासाची मादी पाण्याच्या काठाशी भांड्याच्या कडेला अंडी चिकटविते. ती अंडी कोरड्यात महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. नुसते ओतल्याने ती जात नाहीत. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ही पाळी. मोठ्या हौदात, जो रिकामा करता येत नाही, गप्पी मासे सोडावेत. ते प्राथमिक आरोग्य केंद्राकडे मागावेत. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सायंकाळच्या आधी अधिक. म्हणजे मुलांना तो पुष्कळदा शाळेच्याच वेळेत गाठतो. तापाच्या मुलासही दिवसा मच्छरदाणीत निजवावे, नाही तर त्याचे रक्त पिऊन डास घरातील इतरांस बाधा पोचवील.

शाळेच्या आवारात मी अलीकडे जे पाहतो त्याविषयी थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नये. रंगीत टायरांच्या बागा फार झाल्या आहेत. जुनी टायरे रंगवून, अर्धी पुरून केलेली कुंपणे दिसावयास सुंदर आहेत, परंतु पावसानंतर प्रत्येक टायरच्या पोटात वाटीभर पाणी साठते आणि ते कोणाच्या नजरेस पडत नाही. त्यांत माती भरा, नाही तर खाली भोके पाडा. दिवाळीच्या सुट्टीत न वापरलेली शौचालयाची टाकी, हात धुण्याच्या नळाखालची बादली, छतावरची झाकण उडालेली टाकी, हीही पाहा. शनिवारची सकाळची शाळा यासाठी सोयीची आहे. अळी कशी वळवळते आणि श्वास घ्यावयास पाण्याच्या पृष्ठाशी उलटी कशी लोंबते, हे काचेच्या ग्लासात मुलांना दाखविले तर तेच घरी जाऊन रांजणात डोकावतील. हा परिसर अभ्यासाचा पाठच आहे. मुले त्यात रमतात, हा माझा अनुभव आहे.

शेवटी व्यवस्थेच्या दोन-तीन गोष्टी. प्रत्येक शाळेत हजेरीपत्रकाच्या मलपृष्ठाच्या आतील बाजूस आरोग्यसेविका, आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि गावातील रात्री निघू शकेल अशा एका वाहनाचा मालक, यांचे दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावेत. एकाच वर्गातील दोन मुले एका आठवड्यात तापाने गैरहजर राहिल्यास त्याच दिवशी उपकेंद्रास कळवावे, तिसऱ्याची वाट पाहू नये. धोक्याच्या खुणांचा कागद आपणांस आज वाटला आहे. तो दालनात चौकटीत न लावता पालक सभेत वाचून दाखवावा आणि नखाची परीक्षा प्रत्येक आईकडून करवून घ्यावी.

येत्या शनिवारपासून मी सकाळच्या शाळांना भेटी देणार आहे. आधी हजेरीपत्रकातील 'ता' पाहीन, मग शिडी मागवून टाकीचे झाकण स्वतः उघडीन. टाकी धुतल्याची वही मात्र मागणार नाही.